ताक पिणारी पाहुणी

आक्का चोर होती. हे मी तिच्या तोंडावर म्हणत असे आणि तिला ते आवडत असे. मामलेदार कचेरीतली लाल जास्वंद, स्टेशनमास्तरांच्या कुंडीतला मोगरा, नवापूरला एका लग्नात जेवायला गेली तेव्हा मांडवामागे दिसलेलं कढीपत्त्याचं पिलू, सगळं तिच्या पदराच्या टोकाला ओल्या चिंधीत बांधून घरी आलं होतं. पैसा, दागिना, धान्य यांपैकी कशाला तिने कधी हात लावला नाही. उलट सापडलेली चवली परत द्यायला ती एकदा भर उन्हात बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. पण झाडाची गोष्ट वेगळी. तिचं शास्त्र पक्कं होतं. "मागेल झाड जगत नही, मास्तर. चोरेल जगस."

मी हसायचो. माझं हसणं तेव्हा जरा शिक्षणाचं होतं. आमच्या घराण्यात बी.एस्सी. होणारा मी पहिला. खरं तर मॅट्रिक होणाराही मीच पहिला. तापीकाठच्या आमच्या गावातून पुण्याला गेलो, वनस्पतिशास्त्र घेऊन पास झालो आणि नवापूरच्या अलीकडच्या एका लहानशा स्टेशनाच्या गावात नव्या हायस्कुलात शिकवायला लागलो. जिल्ह्याचं ठाणं धुळ्याला होतं, राज्य अजून गुजरातसकट मुंबईचं होतं, आणि त्या गावात मीच एकटा पदवीधर होतो. आक्काच्या आवारातली एक खोली मी भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी पदवीचं प्रमाणपत्र चौकटीत घालून खिळ्याला टांगलं. दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्याला लसणाची वेणी लटकत होती. मी काही बोलणार तोच आक्का म्हणाली, "खिया मजबूत शे."

आक्का विधवा होती, वय पंचेचाळिशीच्या आसपास. एक मुलगी, ती तळोद्याला दिलेली. दोन म्हशी होत्या, त्यांच्या दुधा-तुपावर घर चालायचं. ताक मात्र ती विकत नसे. ताक विकायचं नसतं, हे तिच्या आईने सांगितलेलं. सकाळी आठला तिच्या ओट्यावर गल्लीतल्या लोट्या रांगेने मांडलेल्या असत आणि ती पळीने सगळ्यांना सारखं वाटत असे. समोरच्या किराणा दुकानाचे शेठ लोटीऐवजी तपेली पाठवायचे. आक्का तपेलीतही लोटीएवढंच ताक घालायची.

आता बाईंविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्यावाचून आक्काची गोष्ट पुरी होत नाही. गावाच्या टोकाला मिशनचा लहानसा दवाखाना होता. मोठं दुखणं असलं की माणसं चिंचपाड्याला जात. बाळंतपण, ताप, विंचू, गळू हे सगळं बाईंकडे. बाई स्वीडन देशाच्या. आल्या तेव्हा तरुण होत्या, मी पाहिल्या तेव्हा केस पांढरे झालेले. मराठी त्या पेशंटांकडून शिकलेल्या, म्हणजे अहिराणीच शिकलेल्या. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या उत्तम पुस्तकी भाषेत चार वाक्यं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, कोठे दुखी ऱ्हायनं?"

आक्काची मुलगी पायाळू जन्मली. दोन दिवस, दोन रात्री बाई आक्काच्या उशाशी होत्या. त्या दिवसापासून आक्काचा देव्हारा एका बाजूला आणि बाई एका बाजूला.

एका वर्षी बाई सहा महिन्यांच्या रजेवर मायदेशी गेल्या आणि माघ महिन्यात परतल्या. येताना बिस्किटांच्या डब्यात, ओल्या शेवाळात गुंडाळून, त्यांनी चार रोपं आणली. वीतभर उंचीची. पानं लहान, जाड, तेल लावल्यासारखी चकचकीत. एक बोटीत मेलं. दोन मिशनच्या बंगल्याच्या माळ्याने पाणी घालघालून मारली. उरलेलं एक घेऊन बाई आक्काच्या ओट्यावर येऊन बसल्या.

त्यांच्याकडे त्या झाडाला लिंगोन म्हणतात. देवदारासारख्या झाडांखाली जंगलभर पसरतं. पावसाळा सरला की वाटाण्याएवढी लालभडक फळं लागतात. बाई लहान असताना आईबरोबर बादल्या घेऊन ती वेचायला जात. साखरेत कालवून ठेवली की वर्षभर टिकतात. हे सांगताना बाईंनी एकदा तोंडातलं पाणी गिळलं. आक्काने ते पाहिलं.

"आते मी तीन सालमा जासू," बाई म्हणाल्या. "कायमनी. इठे माले काहीच कमी पडनं नही. फक्त तेवढी चव."

"मंग घरी जाईसन खाशात," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, घरी आता कोण आहे? आई गेली, भाऊ शहरात राहायला गेला. वेचायला कोण नेईल?

आक्का तोवर रोपाकडे बघत होती. ती म्हणाली, "बाई, तुमी जावाना आगोदर, आमनी मातीमा वाढेल तुमनं फळ तुमले खावाडसू. हाऊ मन्हा शब्द शे."

शेठ समोरून ऐकत होते, ताकाला आलेल्या दोन बायका ऐकत होत्या. संध्याकाळपर्यंत तो शब्द गावाचा झाला.

बाईंनी कुंडी पुढे केली. आक्काने हात मागे घेतले. "असं नको. दिधेल झाड जगत नही. तुमी पाठ फिरावा."

बाईंना आधी कळेना. मग कळलं. त्या उठल्या, ओट्याच्या टोकाला गेल्या आणि रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आक्काने इकडे-तिकडे पाहिलं, पदराखाली कुंडी घेतली आणि चोरपावलांनी, बघणाऱ्या आम्हा चौघांच्या देखत, आवारात पसार झाली. बाई पाठमोऱ्याच होत्या. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "चोरी व्हई गई का?"

लिंगोन हे नाव आक्काला पसंत पडलं नाही. तिने झाडाला पाहुणी म्हणायला सुरुवात केली, आणि मग पाहुणीचं जे जे करायचं ते सगळं केलं. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगून उपयोग नाही. चैत्रात कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत. आक्काने माठाच्या तिवईखाली वाळू पसरली आणि त्यात कुंडी पुरली. माठ दिवसभर पाझरायचा, वाळू ओली राहायची, कुंडी गार राहायची. भोवती भिजवलेलं गोणपाट. दुपारी ती स्वतः घामाने निथळत बसायची आणि दर तासाला उठून गोणपाटावर पाणी शिंपडायची. "मन्हं काय, मी इठलीच शे. ती थंड देशनी."

कुंडीतली माती तिने पहिल्याच महिन्यात बदलली. लाकडाच्या मोळ्या विकायला येणाऱ्या डोंगरातल्या बायांना तिने सागाच्या जंगलातली, कुजलेल्या पाल्याखालची माती आणायला सांगितलं होतं. मी म्हणालो, "आक्का, आपली काळी माती सोडून ही भुसभुशीत कचरापट्टी कशाला? जगात आपल्यासारखी माती नाही."

"कपाशीले नही," ती म्हणाली. "हाई जंगलनी पोर शे."

विहिरीचं पाणी दिलं की पानं पिवळी पडतात हे तिच्या लक्षात आलं, म्हणून पत्र्याच्या पन्हाळीखाली रांजण ठेवून पावसाचं पाणी साठवलं. आणि दर आठवड्याला एकदा, पाणी घालून पातळ केलेलं आंबट ताक. ताक पाहून मात्र मला राहवलं नाही. मी तिला अर्धा तास पोषणद्रव्यं समजावून सांगितली. तिने सगळं ऐकलं.

"आंबट फळ पाहिजे, तर आंबटच पाजनं पडी. तुन्हा पुस्तकमा ताक शे का?"

"नाही."

"मंग ते पुस्तक अर्धंच शे."

शेठची वेगळीच तक्रार होती. त्यांच्या मते पाहुणीमुळे गल्लीच्या ताकात पाणी वाढलं होतं. ते दुकानात येईल त्याला सांगत, "आमी उपाशी, आन झाड जाडं व्हई ऱ्हायनं."

जाडं काही झालं नाही, पण जगलं. दोन उन्हाळे जगलं. बाई दर रविवारी प्रार्थना आटोपून यायच्या, तिवईपुढे गुडघे टेकून बसायच्या आणि एकेक पान बघायच्या. दोघी फारसं बोलत नसत. आक्का चहा करायची, बाई बशीत ओतून प्यायच्या.

तिसऱ्या वर्षी, फाल्गुन लागता लागता, पाहुणीला कळ्या आल्या. एकच झुबका, सात कळ्या, पांढऱ्याला जरा गुलाबी झाक. आक्काने मला शाळेत बोलावणं पाठवलं. मी वर्ग सोडून आलो, येताना वर्गही आला. बाई आल्या. शेठ दुकान उघडं टाकून आले. बाई वैशाखात जायच्या होत्या. फळ तोवर पिकणार नव्हतं हे मला दिसत होतं, पण हिरवं, अर्धं, कसंही का होईना, धरेल असं सगळ्यांना वाटत होतं. आक्का त्या दिवशी कुणाशीही भांडली नाही.

आणि चार दिवसांनी तळोद्याहून निरोप आला. मुलीला दिवस भरत आले होते, दुसरं बाळंतपण सासरीच होतं, सासू अंथरुणाला खिळलेली. आक्काला सव्वा महिना तरी जाणं भाग होतं. म्हशी शेजारणीकडे दिल्या. पाहुणी माझ्याकडे.

गाडी सुटेपर्यंत ती मला सांगत होती. रांजणातलं पाणी, आठवड्याला ताक, गोणपाट ओलं. "आन तू काही नवीन करू नको, मास्तर."

आता जे लिहितो ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

आठ दिवस मी तिने सांगितलं तसं केलं. नवव्या दिवशी माझी पदवी जागी झाली. सात कळ्या समोर होत्या, बाईंचं जाणं तोंडावर होतं, आणि मी, वनस्पतिशास्त्राचा बी.एस्सी., एका झाडाला ताक पाजत बसलो होतो. फळ धरायला पालाश लागतं. पालाश राखेत असतं. राख चुलीत फुकट. मी ठरवलं की हे फळ शास्त्राच्या जोरावर धरवायचं आणि आक्का परत आली की तिच्या हातावर ठेवायचं. त्या रोपावर माझाही जीव होता, हेही खरं आहे. पण खरं सांगायचं तर जास्त जीव माझ्या म्हणण्यावर होता.

मी जंगलची माती झटकून काढली. काळी माती, मुरलेलं शेणखत आणि दोन ओंजळी चाळलेली राख असं मिश्रण केलं, कुंडी भरली, विहिरीचं ताजं पाणी घातलं. ताक बंद. कुंडी दिसायला इतकी छान झाली की मी वर्गातल्या पोरांना आणून दाखवली.

सहाव्या दिवशी कळ्या गळल्या. दहाव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. मी घाबरून ताक घातलं, रांजणाचं पाणी घातलं, जुनी माती शोधून आणून वर पसरली. आक्का परत आली तेव्हा कुंडीत वाळलेल्या काड्या होत्या.

तिने बोचकं ओट्यावर ठेवलं. नातू झाला होता, पण ते तिने नंतर सांगितलं. ती तिवईपुढे बसली. कुंडीतली खालची माती बोटांनी उकरली, चिमटीत धरून चुरली, हुंगली, आणि जिभेच्या टोकाला लावून बघितली. मी खांबाला धरून उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"तिले ऊन लागनं," ती म्हणाली.

झाड गेलं तेव्हा ऊन अजून तापलंच नव्हतं. दोन उन्हाळे काढलेल्या झाडाला फाल्गुनात कसलं ऊन लागतं? पण ती तेच म्हणाली, गल्लीत ज्याने विचारलं त्याला तेच सांगितलं, आणि मी ते ऐकत राहिलो.

शेठचं डोकं धंद्याचं. त्यांनी लगेच तोड काढली. वैशाखात डोंगरातली करवंदं येतात. काळी व्हायच्या आत, लाल असताना आणायची, गुळात शिजवायची आणि बाईंपुढे ठेवायची. "लाल शे, आंबट शे. झाडनं आखरी फळ म्हनीसन सांग. तीन साल व्हई गयात, बाईले चव याद शे का? तुन्हा शब्द बी ऱ्हाई, गावनी इज्जत बी ऱ्हाई."

आक्का धार काढत होती. तिने मान वर केली नाही. "शेठ, बाईनी तुमले कधी खोटी गोळी दिधी का?"

शेठ दुकानाकडे वळले.

पण करवंदं तिने आणवली. लाल, अजून चीक असलेली. ती तिने मिठाच्या पाण्यातून काढली, बिया टाकल्या, गुळात मंद आचेवर शिजवली. अख्ख्या आवाराला तो वास येत होता. बाई निघायच्या दिवशी ती बरणी घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात गेली. पेट्या बांधून झाल्या होत्या, गाव जमलं होतं. बाई पांढऱ्या झग्यात बाकावर बसल्या होत्या. आक्का पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"बाई, मी शब्द दिधा व्हता. तो मी पाळा नही. तुमनी पाहुणी मन्हा हातथाईन गई."

"मन्हा हातथाईन," म्हणजे तिच्या स्वतःच्या हातून. जी आक्का करवंदाला लिंगोन म्हणायला तयार नव्हती, ती सगळ्या गावापुढे, बाईंच्या डोळ्यांत बघून, हे म्हणत होती. मी पुढे सरलो. तोंड उघडलं.

"मास्तर," आक्का मागे न बघता म्हणाली, "त्या पेट्या बैलगाडीमा ठेव."

मी पेट्या उचलल्या. वजन बरं वाटलं.

आक्काने बरणीचं फडकं सोडलं. "हाई तुमनं नही, बाई. हाई आमनं शे. डोंगरनं."

बाईंनी बोट घातलं, चाखलं. डोळे मिटले, उघडले. खोटं बोलायची सवय त्यांनाही नव्हती. "ते नही," त्या म्हणाल्या.

"नही," आक्का म्हणाली.

बाईंनी पुन्हा बोट घातलं. मग तिसऱ्यांदा. आक्काने बरणी बाकावर ठेवली, पदर सारखा केला आणि व्हरांड्याच्या कठड्याशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. बाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, बरणी उचलून आपल्या कापडी पिशवीत टाकली आणि वर शाल दाबली.

"व्हई गई का?" आक्काने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"व्हई गई," बाई म्हणाल्या.

चार महिन्यांनी आक्काला पत्र आलं. देवनागरी अक्षरं, भाषा अहिराणी. मी वाचून दाखवलं. बरणी एडन बंदर यायच्या आधीच संपली, असं त्यात होतं. बोटीवर शेजारच्या बाईने मागितलं होतं, दिलं नाही, असंही होतं. आक्का इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

पुढे माझी बदली झाली. लग्न झालं, आक्का अक्षता टाकायला आली आणि मांडवातून शेवंती घेऊन गेली. काही वर्षांनी आमच्या शाळेत शेतकी खात्याचे एक साहेब व्याख्यानाला आले. बोलता बोलता म्हणाले, थंड जंगलातल्या काही झुडपांना आंबट, हलकी मातीच लागते. काळी माती त्यांना मानवत नाही, आणि राख म्हणजे त्यांना विषच. मी आभारप्रदर्शन करायला उठलो आणि दोन वाक्यांत आटपून बसलो.

त्याच रविवारी मी गाडीत बसलो. आक्का आता वाकली होती, एकच म्हैस उरली होती. ओट्यावर लोट्या मात्र होत्या. मी चहाही घेतला नाही, आधी सांगून टाकलं. राख मीच घातली. तुझी माती मीच काढली. ताकही मीच बंद केलं.

"माले मालूम शे," ती म्हणाली. "जनमभर चूल फुकी मी. राखनी चव माले समजत नही का?"

"मग बाईंना का नाही सांगितलंस? गावापुढे स्वतःवर का घेतलंस? शब्द तुझा होता."

ती लोटीत ताक ओतत होती, ती लोटी भरेपर्यंत थांबली. "त्या साले गावनी पाच पोरी पहिल्यांदा तुन्हा शाळामा येई ऱ्हायन्या व्हत्या. त्यासना बाप तुन्हा तोंडकडे देखीसन धाडेत. एक साधं झाड मास्तरले समजत नही, असं गावले कळतं तर?" तिने पळी ठेवली. "झाड काय, दुसरं येस. गावमा बी.एस्सी. एकच व्हता."

समोर शेठच्या दुकानात आता त्यांचा मुलगा बसत होता. त्या पाचांतली एक पोर तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तरीण झाल्याचं आक्काने मला मग सांगितलं, जणू म्हशीच्या रेडकाची बातमी द्यावी तसं.

निघताना आवाराच्या कोपऱ्यात मला करवंदाची जाळी दिसली. बरणीसाठी काढलेल्या बिया तिने तिथे टाकल्या होत्या. बाजूला हातभर पिलं उगवली होती. आक्काने माझी नजर पाहिली. खांबाला धरून उठली आणि हळूहळू रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

मी बोटांनी माती उकरली. घाईने, खरोखरीच्या चोरासारखं. रोप मुळासकट आलं. बांधायला काही नव्हतं, म्हणून खिशातला रुमाल तिच्या रांजणात बुडवला.

ती आमची शेवटची भेट. पुढच्या थंडीत आक्का गेली, आणि मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

करवंद आज माझ्या कुंपणाला आहे, पुरुषभर उंच, काटेरी. त्याला काही लागत नाही. ना खत, ना पाणी, ना गारवा. पण दर रविवारी मी त्याला लोटीभर ताक घालतो. शेजारी विचारतात, मास्तर, हे तुमच्या कुठल्या पुस्तकात आहे? मी त्यांना सांगतो, माझं पुस्तक अर्धंच होतं.